हौसाक्काची उसनी जीभ

मंडळी, हात जोडा, डोळे मिटा, आणि त्या सावळ्याला क्षणभर मनात उभा करा... झाला उभा? मग आता उघडा डोळे! कारण आजचं आख्यान डोळे मिटून ऐकायचं नाही. मागच्या खांबाला टेकलेले काका, हे तुमच्यासाठी!

आधी प्रश्न. उत्तर मनातल्या मनात द्यायचं, शेजारणीकडे बघायचं नाही. आपल्याबरोबर काम करणारं एक माणूस असतं. जीव लावणारं, हसवणारं, डब्यातली चटणी आधी आपल्यापुढं सरकवणारं. आणि एक दिवस तेच माणूस म्हणतं, "एवढं माझं तूच करून टाक की! कुणाला कळतंय?" तर काय म्हणायचं? 'हो' म्हटलं तर काम बिघडतं. 'नाही' म्हटलं तर माणूस बिघडतं! मग राखायचं काय, काम की माणूस? का दोन्ही राखायची काही सोय त्या पांडुरंगानं ठेवली आहे?

धरा माझ्या मागं, पेटीवाले काका, जरा वरचा सूर द्या—

शेजारी बस, हसून बोल, हात हाती दे।
तुझे काम ते तुझे गं बाई, माझे मला राहू दे॥

विठ्ठल विठ्ठल! विठ्ठल विठ्ठल!

ऐका मंडळी. तांबडवाडी नावाचं एक गाव. गावात सातवीपर्यंतची शाळा, पोरं चौऱ्याऐंशी. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली, तिच्यात दोन मोठ्या शेगड्या आणि दोन बायका. दुपारचं जेवण शिजवायचं काम त्यांचं.

एक हौसाक्का. वय पन्नाशीचं, हात राकट, आवाज असा की शाळेची घंटा बिघडली तर हिनं नुसती हाक मारावी आणि पोरांनी पाटी-दप्तर टाकून बाहेर यावं! अकरा वर्षं ती त्या शेगडीपुढं. आणि दुसरी सुगंधा. वय तेवीस. लग्न होऊन गावात आली, सहा महिन्यांपूर्वी या कामाला लागली. गावात ना माहेरचं कुणी, ना मैत्रीण. पहिल्या दिवशी तिचा भात करपला. चौऱ्याऐंशी पोरांचा भात! तिच्या डोळ्यांतनं पाणी. आणि हौसाक्का काय म्हणाली?

"रडतीस कशाला? वरचा काढ, खालची खरवड माझ्या म्हशीला लागतीच! ती बी म्हणंल, आज काहीतरी वेगळं दिलं!"

हसली सुगंधा. डोळे पुसता पुसता हसली. झालं, मंडळी! ज्या माणसानं आपल्याला रडताना हसवलं, त्याला आपण विसरतो का हो? नाही विसरत. तिथंच जीव जडला.

मग काय विचारता! हौसाक्का तिच्यासाठी ठेचा आणायची. तिच्या केसांत आपल्या हातानं अबोली माळायची. दुखलंखुपलं विचारायची. सुगंधाला वाटायचं, देवानं मला इथं एक थोरली बहीण दिली.

आता या शाळेतली एक रीत सांगते, ती नीट लक्षात ठेवा. पोरांना वाढण्याआधी अर्धा तास दोन्ही बायकांनी अन्नाची चव घ्यायची. आपापल्या जिभेनं! आणि 'चव नोंदवही' म्हणून एक वही असते, तिच्यात आपापल्या नावापुढं आपापली सही करायची. एकीनं नाही, दोघींनी! का बरं? एकीचं तोंड आलेलं असेल, एकीचं लक्ष नसेल, तर दुसरीला कळावं. साधी गोष्ट आहे.

पण हौसाक्का देवभोळी. सोमवार तिचा, गुरुवार तिचा, दोन एकादश्या तिच्या, आणि संकष्टी तर निर्जळी! चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. देव जास्त झाले आणि आठवड्याचे वार कमी पडले अशी गत!

— पुढच्या रांगेतल्या काकू, रागावू नका हो! उपासाला माझा विरोध नाही. साबुदाण्याची खिचडी मलाही आवडते!

तर उपासाच्या दिवशी चव कशी घ्यायची? पहिल्यांदा हौसाक्का लाडानं म्हणाली, "सुगंधे, आज माझा सोमवार. माझ्या वाटणीची चव तूच घे. तुझी जीभ ती माझी जीभ!"

सुगंधाला काय वाटलं असेल? ओझं वाटलं? छे! तिला अभिमान वाटला! तुझी जीभ ती माझी जीभ, केवढी माया! तिनं दोन चमचे आमटी घेतली. एक स्वतःच्या नावाची, एक आक्काच्या नावाची. गेली मात्र एकाच पोटात!

मग सहीचं आलं. हौसाक्काची सही म्हणजे काय, एक 'हौ' आणि पुढं लांब शेपूट. "ती बी तूच ओढ की. माझे हात पिठाचे हायत." ओढली सुगंधानं. शेपूट जरा आखूड झालं, एवढंच.

मुलांनो, हसताय काय? मैत्रिणीच्या प्रयोगवहीत आपल्या हातानं निरीक्षणं लिहून देणारे इथं किती बसलेत, मला नावानिशी माहीत आहेत!

एक सोमवार झाला, दोन झाले, चार महिने झाले. आता हौसाक्का विचारायचीसुद्धा नाही. गुरुवार आला की नुसती वहीकडं मान करायची. आणि सुगंधाला प्रत्येक वेळी वाटायचं, बोलावं. मग वाटायचं, आक्का काय म्हणेल? हिच्याशिवाय मला आहे कोण या गावात?

तेवढंच नव्हतं, मंडळी. सुगंधानं एकदा विश्वासानं आक्काला सांगितलं, "मी दहावी नापास आहे. बाहेरून परत बसायचं मनात आहे. सासूबाईंना अजून बोलले नाही." दोन दिवसांत पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या, "काय गं, परीक्षेला बसणार म्हणं?" सासूनं तोंड फिरवलं. सुगंधा घाबरून आक्काकडं गेली. तर आक्का म्हणते कशी, "अगं, कौतुकानं सांगितलं! माझ्या सुगंधीला शिकायचंय म्हणून! माझं-तुझं काय वेगळं हाय का?"

वेगळं आहे की नाही? तुम्ही सांगा! पण सुगंधा गप्प बसली. ज्याच्यावर रागावायचं, तेच आपल्याला जीव लावतं. अशा वेळी राग ठेवायचा कुठं? गिळला तिनं. आणि गिळलेली गोष्ट आत जाऊन धडधडत राहते हो!

शेजारी बस, हसून बोल, हात हाती दे।
तुझे काम ते तुझे गं बाई—

विठ्ठल विठ्ठल!

आणि मंडळी, उजाडला तो दिवस. संकष्टीचा.

सुगंधाला आदल्या दिवसापासून ताप. सकाळी ताप उतरला, पण तोंड कडू! तुम्हाला ठाऊक आहे, तापानंतर कसं होतं. चहा घेतला, कडू. साखर टाकली जिभेवर, तीही कडू! तरी आली कामावर. का? आक्का निर्जळी असणार, एकटीला झेपायचं नाही म्हणून! बघा कशी माया!

आणि आल्याआल्या तिनं काय केलं? सवयीनं वही उघडली आणि दोन्ही सह्या करून टाकल्या. हो! शेगडी पेटायच्या आधी! चव घ्यायची बाकी, आणि सही तयार! चार महिन्यांत एवढी मजल गेली होती.

हौसाक्का आली ती कमरेवर टोपली घेऊन. टोपलीत चार दुधी. कोवळे, हिरवेगार, हातभर लांब.

"माझ्या मांडवावरचे हायत बरं का! पहिला तोडा! म्हटलं, घरात कोण खाणार, पोरांच्या पोटात जाऊ दे!"

बसली विळीवर. खस्स-खस्स चिरायला लागली. आता मंडळी, दुधी चिरताना बाया काय करतात? काकू, बोला की! — बरोबर! टोकाची एक काप जिभेवर ठेवून बघतात. कारण शंभरात एखादा दुधी कडू निघतो. दिसायला तस्सा, वासाला तस्सा, पण पोटात गेला की उलट्या! आणि लहान जिवाला तर दवाखान्याची वाट! एरवी हौसाक्का न चुकता काप चाखायची. पण आज? आज निर्जळी! चारही दुधी तिनं सरळ पातेल्यात टाकले.

डाळ शिजायला आज उशीर झाला. फोडणी बसली. वास असा सुटला की सातवीतली पोरं भूगोल विसरली! सुगंधानं पळीनं आमटी घेतली, फुंकली, जिभेवर ठेवली—

कडू.

ती पाणी प्यायली. पाणीही कडू. परत आमटी चाखली. कडू. कमी कडू? जास्त कडू? तोंडामुळं, की आमटीमुळं? तिला कळेना! आपली जीभ खरं सांगते की खोटं, तेच कळेना! तिनं पळी खाली ठेवली.

"आक्का... आमटी कडू लागतीय."

"तुझं तोंड कडू हाय लेकी, ताप होता ना? आमटीला काय झालंय!"

"असेल. पण मला ओळखता येत नाही. आक्का, तुम्ही एकदा बघा ना. थेंबभर."

हौसाक्काचा हात थांबला. "माझी निर्जळी हाय. तुला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे. पण—"

"सतरा वर्षांची संकष्टी हाय माझी! एक थेंब गेला न्हाई कधी! आणि तू म्हणतीस चाख?"

बाहेर व्हरांड्यात पंगत बसायला लागली. पहिलीची चिमणी पुढं, सातवीची मागं. ताटल्या वाजायला लागल्या. ठण्... ठण्... ठण्ठण्ठण्! मोटेबाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, त्या दिवशी बैठकीला तालुक्याला गेलेल्या. शाळेत एकटे बारवे गुरुजी. त्यांनी बाहेरूनच आवाज दिला, "आणा हो बाई! पोरं ताटल्या खातील आता!"

काय करावं हो तिनं? सांगा! गुरुजींना बोलवावं? बोलावलं तर ते म्हणणार, हौसाक्का का चाखत नाहीत? मग वही उघडणार. वहीत चार महिन्यांच्या आखूड शेपटीच्या सह्या, सगळ्या सुगंधाच्या हातच्या! नोकरी जाईल. आक्काची जाईल, हिचीही जाईल. आणि गप्प बसावं? तोंड तर खरंच तापानं कडू आहे. शंभरातले नव्याण्णव भाग आमटी चांगलीच असेल. एका भागासाठी एवढं सगळं मोडायचं? ही एकुलती एक मैत्रीण मोडायची?

हौसाक्कानं पातेल्याचा एक कान धरला. "चल, धर तिकडनं."

सुगंधा पुढं झाली. आणि तिनं कान धरला नाही, मंडळी. तिनं झाकण ठेवलं पातेल्यावर, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"हात काढ." हौसाक्का हळूच म्हणाली.

"नाही, आक्का."

"सुगंधे, माझ्या मांडवाचा दुधी हाय त्यो. माझ्या दुधीला नाव ठेवतीस?"

"नाव नाही ठेवत. मला कळत नाहीये, एवढंच म्हणते. माझी जीभ आज कामाची नाही. तुमची लागेल."

"अस्सं! ज्या दिवशी भात करपवलास, त्या दिवशी कुणी झाकलं तुला? मी! आणि आज मला शिकवतीस? लक्षात ठेव, हे झाकण आज उघडलं न्हाईस, तर तुझं-माझं बोलणं संपलं!"

संपलं! ऐकलंत? ज्या शब्दाला ती सहा महिने भीत होती, तो शब्द आला! झाकणाच्या कडेनं वाफ हाताला भाजत होती. पण हात हलले नाहीत. ती एवढंच म्हणाली,

"आक्का, तुम्ही मला हव्या आहात. माझ्या घरी या, माझ्या केसांत फुलं माळा, मला चार शब्द बोला. सगळं घेईन मी. पण तुमची चव मी यापुढं घेणार नाही. मला ती घेता येतच नाही. इतके दिवस मी नुसती सही करत होते."

आणि तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली. "गुरुजी! जरा आत येता?"

आले बारवे गुरुजी. "काय झालं? उशीर का?"

"आज दुसरी चव झालेली नाही, गुरुजी."

गुरुजींनी कोनाड्यातली वही उघडली. "पण सह्या तर दोन आहेत."

सुगंधानं डोळे मिटले. "दोन्ही मीच केल्यात. आजच्याही, आणि याआधीच्याही बऱ्याच."

सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता! नाही, चुकले. ताटल्या वाजतच होत्या बाहेर. चौऱ्याऐंशी!

हौसाक्काचा चेहरा लालबुंद. तिनं सुगंधाला बाजूला सारलं, झाकण भिरकावलं, पळी बुडवली. "बघा गुरुजी! बघा! हिच्या हट्टापायी माझा उपास मोडतीय मी! देवा, बघ रं बाबा तू बी!" आणि घोट घेतला. चांगला पळीभर!

आणि मंडळी...

तिचं तोंड वाकडं झालं. ती पळत मोरीपाशी गेली, थुंकली, परत थुंकली. पाणी घेतलं, चूळ भरली. निर्जळी कुठली आणि काय! भिंतीला हात लावून वळली.

"जहर हाय... गुरुजी, जहर हाय! पोरास्नी... पोरास्नी न्हाई ना वाढलं कुणी? एखाद्याला न्हाई ना?"

"नाही, आक्का. कुणालाच नाही."

मटकन खाली बसली ती. डोक्याला पदर लावला आणि लहान पोरासारखी रडली. आपल्या मांडवाचा दुधी! आपल्या हातानं चिरलेला!

आमटी खड्ड्यात ओतली. गुरुजींनी दुकानातून चुरमुरे, गूळ आणि शेंगदाणे मागवले. पोरांना काय, सण झाला! त्यांना कधीच कळलं नाही, पंगतीत काय वाढलं जाणार होतं ते.

विठ्ठल विठ्ठल! विठ्ठल विठ्ठल!

तुम्हाला वाटलं, झालं आख्यान? दोघी गळ्यात पडल्या, शेवट गोड? छे! खरी माणसं अशी पटकन गळ्यात पडत नसतात.

दुसऱ्या दिवशी मोटेबाईंनी दोघींना समोर उभं केलं. वही टेबलावर. "पोरं वाचली म्हणून तुम्ही दोघी इथं उभ्या आहात," त्या म्हणाल्या. "सुगंधा, खरं बोललीस, चांगलं केलंस. पण खोटी सही चार महिने तूच करत होतीस, हेही मी विसरणार नाही. पुन्हा एक जरी दिसली, तर दोघींची जागा रिकामी."

आणि हौसाक्का? ती सुगंधाशी बोलेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार आठवडे! शेजारी-शेजारी शेगडी. इकडं भात, तिकडं आमटी. चव घ्यायची आपली आपण, सही करायची आपली आपण. मध्ये शब्द नाही. ठेचा नाही, अबोली नाही. सुगंधा घरी जाऊन रडायची. वाटायचं, खरं बोलून मी मिळवलं काय? पोरं जेवली असती तर काय झालं असतं, ते आठवलं की अंगावर काटा यायचा. आणि आक्काची पाठ दिसली की काळजात कालवायचं. दोन्ही खरं होतं, मंडळी! बरोबर वागलेल्या माणसालासुद्धा झोप लागतेच असं नाही. तशी हमी कुठल्याच देवानं दिलेली नाही.

आणि परत आली संकष्टी.

सकाळपासून सुगंधाच्या मनात एकच. आज काय होईल? आक्का म्हणेल, सही कर? म्हणाली तर परत 'नाही' म्हणायचं बळ आहे का माझ्यात? का ती येणारच नाही?

आली हौसाक्का. पदर खोचला. स्वयंपाक झाला. अकरा वाजले. वही उघडी पडलेली. सुगंधानं आपली चव घेतली, आपली सही केली, आणि वही आक्काच्या बाजूला सरकवली.

हौसाक्कानं चमचा उचलला. चार आठवड्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "बघतीस काय? देवाला सांगून आलीय मी. म्हटलं, घरी मी तुझी उपाशी, शाळंत मी पोरांची सैपाकीण. संकष्टीची शाळा असली की तुला फक्त शाळा सुटल्यापास्नं चंद्र दिसंपर्यंतचा उपास."

सुगंधाला हसावं की रडावं कळेना. "देव काय म्हणाला?"

"त्यो काय म्हणतोय! त्याला बिनचाखला निवेद चालतो, पोरास्नी चालत न्हाई, एवढं त्याला ठाऊक न्हाई व्हय!"

तिनं आमटी तोंडात घेतली. जीभ फिरवली. कपाळाला आठी घातली. "मीठ कमी हाय."

"बरोबर आहे, आक्का."

"कमी हाय म्हणते ना!"

"मी चाखलीय. बरोबर आहे!"

"अगं, अकरा वर्षं झाली मला!"

"असू द्या! पोरांना एवढंच पुरतं!"

आणि भांडल्या हो दोघी! पाच मिनिटं, मिठावरून, तावातावानं! गुरुजी दारात येऊन बघून परत गेले. मंडळी, सहा-सात महिन्यांत त्या दोघींचं हे पहिलं बरोबरीचं भांडण. आणि मी तुम्हाला सांगते, माझा तर पक्का विश्वास आहे, त्यांची मैत्री त्याच दिवशी सुरू झाली! त्याआधी होती ती एकीची माया आणि दुसरीची भीती. दोन जिभा एका ताटावर वेगवेगळं बोलू शकल्या, तेव्हा कुठं दोन मैत्रिणी झाल्या!

आता माझ्याकडं बघा. इथं पतसंस्थेतले आहेत, दवाखान्यातले आहेत, गोदामावरचे आहेत, शाळेतले तर माझे गुरुजीही बसलेत. उद्या सकाळी कामावर जाल. बरोबरच्या माणसाशी बोला, हसा, त्याच्या दुखण्याला धावा, डबा वाटून खा. त्याची पाळी अडली तर उघडपणे, साहेबांना सांगून, आपण उभे राहा. पण त्यानं न तपासलेल्या गोष्टीखाली त्याच्या नावाची सही तुमच्याकडं मागितली, किंवा त्यानं विश्वासानं सांगितलेलं तुम्हाला चारचौघांत सांगावंसं वाटलं, तर तिथं थांबा! 'नाही' म्हणताना आवाज कापेल. कापू द्या! सुगंधाचाही कापला होता. आणि तुम्ही हौसाक्का असाल ना— आपल्यातले निम्मे आहोत, मान खाली घालू नका— तर समोरच्याचं 'हो' मोजू नका. त्याला 'नाही' म्हणता येतं का, ते एकदा बघा. येत नसेल, तर तो तुमचा मित्र नाही. तो तुम्हाला घाबरतोय.

कारण त्या दोघींचं पटलं की बिघडलं, हे बाहेर ताटली घेऊन बसलेल्याला ठाऊक नसतं. तो फक्त वाट बघत असतो. तुमच्या कामाच्या पलीकडंही कुणीतरी असा बसलेला आहे. आज घरी जाताना तो कोण, तेवढं आठवा.

पांडुरंगा, आम्हाला माणसं जोडायला गोड तोंड दे, आणि वेळ आली तर झाकणावर हात ठेवायला बळ दे. चुकलं-माकलं पदरात घे.

बोला मंडळी, मनापासून, ज्यानं-त्यानं आपापल्या तोंडानं—

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!